पीसपुरते चार डेसिबल

कॉर्ड वाजवताना गिटारच्या पाच-सहा तारा एकदम हलतात. गाण्याच्या मधला पीस वाजवताना बहुतेक वेळ एकच. हात तोच, अॅम्पचं बटण तिथेच, पण बाहेर पडणारा आवाज मात्र बारीक होतो, आणि तोही नेमका सगळ्यांचं लक्ष गिटारकडे वळलेलं असताना. मांडवातल्या ऑर्केस्ट्रात हे कायम दिसतं. गिटारवाला पुढे येतो, मान मागे टाकतो, बोटं पट्ट्यांवर पळतात आणि मागच्या खुर्च्यांवर पोचतात ते फक्त ढोलक, बेस आणि दोन कीबोर्ड.

यावरचा इलाज म्हणजे पायाशी ठेवलेली, मुठीत मावेल एवढी धातूची डबी. एक खुंटी, एक स्विच, एक लाल दिवा. हा बूस्टर. आत कित्येकदा एकच ट्रान्झिस्टर असतो. नऊ व्होल्टवर चालतो आणि पिकअपकडून येणारा क्षीण सिग्नल मोठा करून पुढे पाठवतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ हा यातला जुना, १९६०च्या दशकाच्या अखेरचा. एमएक्सआरचा मायक्रो अॅम्प २६ डेसिबलपर्यंत उचलतो, म्हणजे सिग्नल जवळजवळ वीसपट. एवढं मला कधी लागलेलं नाही. पीससाठी तीन ते सहा डेसिबल पुरतात. माझी खुंटी चारच्या आसपास असते.

हा आकडा ऐकून नवीन मुलं हिरमुसतात. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी अॅम्पला दहापट ताकद लावावी लागते. अॅम्प आधीच निम्म्या ताकदीवर चालत असेल, तर त्याच्याकडे उरलेले असतात जेमतेम तीन डेसिबल. पुढचा सगळा दाब विकृतीत जातो. गिटारवाले तिला प्रेमाने डिस्टॉर्शन म्हणतात.

खरी गंमत आहे ती बूस्टर साखळीत कुठे बसवायचा यात. गिटारमधून निघालेली वायर आधी बूस्टरमध्ये आणि मग डिस्टॉर्शनच्या पेडलमध्ये गेली, तर स्विच दाबल्यावर आवाज फारसा वाढत नाही. डिस्टॉर्शनमध्ये लाटेचे शेंडे आधीच छाटले जात असतात. भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतावं, तसं ते नुसतं सांडतं. सूर जास्त वेळ टिकतो, धार चढते, हाताखाली मजा येते, पण समोर बसलेल्याला फरक कळत नाही. तोच बूस्टर डिस्टॉर्शनच्या नंतर लावला की आवाज खरोखर वर येतो. अॅम्पमधलंच डिस्टॉर्शन वापरणाऱ्याला ही सोय पुढून मिळत नाही. त्याला अॅम्पच्या पाठीमागे जाऊन ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ लिहिलेली भोकं शोधावी लागतात आणि बूस्टर त्यांच्यामध्ये लावावा लागतो. सगळ्याच अॅम्पना ती नसतात. म्हणून भाड्याच्या सामानात रोलंडचा जेसी-१२० आला की मला बरं वाटतं. साठ-साठ वॉटचे दोन भाग, स्वच्छ आवाज, आणि पुढून कितीही ढकललं तरी लवकर न चिडणारा. त्याच्यासमोर पेडलं नीट क्रमाने मांडली की काम झालं.

तरीही नुसता आवाज वाढवून पीस ऐकू येत नाही. खाली बेस आणि ड्रमच्या मोठ्या पिंपाने जागा धरलेली असते, वर झांजा. गिटार त्यांच्याशी भांडायला गेली तर हरते. मधला पट्टा मात्र गाणाऱ्याचा असतो, आणि पीस सुरू होतो तेव्हा गाणारा गप्प असतो. म्हणजे नेमकी तीच जागा रिकामी झालेली असते, काही सेकंदांपुरती. बूस्टरने गिटारला तिथे नेऊन बसवायचं. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर याच कामासाठी लोक वापरतात. ड्राइव्हची खुंटी शून्यावर, लेव्हल वर. त्याचा उठाव साधारण ७२० हर्ट्झला आहे आणि खालचा गोंगाट तो कापून टाकतो. बॉसच्या जीई-७ या इक्वलायझरच्या सात पट्ट्यांपैकी ८०० हर्ट्झ आणि १.६ किलोहर्ट्झच्या दोन थोड्या वर सरकवल्या, तर शेवटची लेव्हलची पट्टी अगदी किंचित उचलली तरी पुरते. मला हीच पद्धत जास्त पटते. साध्या बूस्टरने गिटार मोठी होते, इक्वलायझरने ती पुढे येते.

ही युक्ती जुनीच आहे. १९६०च्या दशकातला डॅलस रेंजमास्टर हा इंग्रजी बूस्टर पायाशी नव्हे, अॅम्पच्या डोक्यावर ठेवायचा असे. तो खालचे सूर सोडून वरचेच उचलायचा. रोरी गॅलघर आणि टोनी आयोमी यांनी तो वापरला. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीशेजारी उभा राहून वाजवणाऱ्या ब्रायन मेचा आवाजही ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्सचा एसी३० या जोडीवर उभा आहे.

खुंटी कुठे ठेवायची हे घरी ठरत नाही. खोलीत एकट्याने लावलेला बूस्ट नेहमी पुरेसा वाटतो. साउंड चेकला मी ढोलकवाल्याला आणि कीबोर्डवाल्यांना सगळ्यात दणक्याच्या गाण्याचा मुखडा वाजवायला सांगतो, लांब वायर घेऊन स्टेजच्या खाली उतरतो आणि दुसऱ्या कुणाला तरी स्विच दाबायला लावतो. अॅम्पसमोर गुडघ्याच्या उंचीवर जे ऐकू येतं, ते पंधरा फुटांवर राहत नाही. ठरल्यावर खुंटीवर चिकटपट्टी. बुटाच्या टोकाने ती हमखास फिरते.

मग पाय. स्विच पहिल्या सुराच्या अर्धी मात्रा आधी दाबायला हवा, म्हणजे शेवटच्या कॉर्डची बोटं उचलता उचलता. उशीर झाला तर पहिला सूर बारीक जातो आणि दुसऱ्यावर आवाज उडी मारतो, हे फार वाईट दिसतं. दिवसाच्या कार्यक्रमात उन्हात लाल दिवा दिसत नाही, म्हणून टाचेखालच्या ‘टक्’वर भरवसा ठेवायचा. चालू करण्यापेक्षा बंद करणं जास्त महत्त्वाचं. पीस संपून कडवं सुरू झालं आणि बूस्ट तसाच राहिला, तर गिटार थेट गाणाऱ्याच्या जागेत बसलेली असते. तो वळून कसा बघतो ते सांगायला नको.

आणि एवढं सगळं करूनही मिक्सरवर बसलेला माणूस ते पुसून टाकू शकतो. गिटारच्या चॅनलवर त्याने चारास एक या प्रमाणात कॉम्प्रेसर लावला असेल, तर मी पाठवलेले चार डेसिबल बाहेर एकच होऊन पडतात. म्हणून चेकच्या वेळी त्याला आधी बूस्टसकट सगळ्यात मोठा आवाज द्यायचा आणि त्यावर गेन लावायला सांगायचं. आता पुष्कळ जण अॅम्पशिवाय प्रोसेसरमधून थेट मिक्सरमध्ये जातात, त्यांना तर हे केल्यावाचून गत्यंतर नाही. काही साउंडवाले म्हणतात, पेडल राहू दे, पीस आला की मी फेडर वर करतो. हेही चालतं. फक्त त्याला गाणी पाठ हवीत आणि नेमका तेव्हा त्याचा फोन वाजायला नको.