पापणीची शस्त्रक्रिया : आधी वापसा येऊ द्या



गेल्या पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्या भागातील एक मायलेकी मला भेटायला आल्या. मुलगी शहरात नोकरीला, लग्न ठरलेले. डोळ्यांखाली काळसर खळगे दिसतात म्हणून तिने तिकडच्या एका दवाखान्यात 'फिलर'ची इंजेक्शने घेतली होती. काही महिने बरे गेले. मग खळग्यांच्या जागी निळसर फुगवटा आला. आता कोणी सांगितले होते, "खालच्या पापणीची शस्त्रक्रिया करून टाका."

आई म्हणाली, "फादर, उसाचं बिल आलंय, त्यातनं पैसे काढतो. पण डोळ्याचं काम, भ्या वाटतंय."

त्यांच्या संमतीने, नावगाव न देता, हा विषय येथे घेत आहे. मी डॉक्टर नाही. जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो.

फिलर म्हणजे काय?

डोळ्यांखाली बहुधा जे फिलर भरतात ते हायलुरोनिक आम्लाचे असते. हा पदार्थ १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर व जॉन पामर यांनी प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यातूनही काढीत. आता बहुतेक जिवाणूंपासून तयार होतो. आपल्या शरीरातही तो असतो. त्याचा मुख्य गुण म्हणजे पाणी धरून ठेवणे.

गुण तोच दोषही ठरतो. डोळ्यांखालची कातडी शरीरात सर्वांत पातळ. तेथे फिलर जास्त झाले किंवा फार वर बसले, की ते पाणी ओढते, सूज येते आणि कातडीतून निळसर छटा दिसते. वर्षभरात ते आपोआप जिरते असे सांगतात. पण डोळ्यांखाली ते कित्येक वर्षे राहिल्याचे आढळले आहे.

घाई का नको?

पाणी साचलेल्या रानात कोणी नांगर घालीत नाही. आधी चर काढून पाण्याला वाट देतो आणि वापसा आल्यावरच औत जोडतो. येथेही तोच नियम. वयानुसार किंवा घराण्याच्या ठेवणीमुळे डोळ्यामागची चरबी पुढे येते व पिशव्या दिसतात. खालच्या पापणीची शस्त्रक्रिया मुख्यतः त्यासाठी असते. फिलरने धरलेले पाणी म्हणजे चरबी नव्हे. सुजेला चरबी समजून चरबी काढली, तर पुढे सूज उतरल्यावर पहिल्याहून खोल खळगा राहील.

म्हणून प्रथम फिलर विरघळवावे. त्यासाठी हायलुरोनिडेज नावाचे इंजेक्शन असते. त्याचा परिणाम एकदोन दिवसांत दिसू लागतो. कधी ते पुन्हा द्यावे लागते. त्यानंतर निदान दोन आठवडे थांबून डोळे पुन्हा तपासून घ्यावेत. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. हाच पदार्थ मधमाशीच्या विषातही असतो. माशी चावल्यावर ज्याला अंगभर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्याला या इंजेक्शनाचा धोका असू शकतो.

हे पाप आहे का?

आईने हळूच हेही विचारले. पोप बारावे पायस यांनी मृत्यूच्या पाच दिवस आधी, ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, इटलीच्या प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले होते. शरीराचे सौंदर्य हेही देवाचे दान आहे, पण ते सर्वांत मोठे दान नव्हे. हेतू शुद्ध असावा आणि अवयवाच्या कार्याला इजा होऊ नये, असा त्याचा आशय. पापणीचे कार्य डोळा झाकण्याचे व ओला ठेवण्याचे. शस्त्रक्रियेत कातडी जास्त कापली गेली तर खालची पापणी ओढली जाते, डोळा कोरडा पडतो.

शल्यकर्म आपल्या मुलखाला नवे नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याला पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी घेऊन नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली. गेलेले परत मिळवणे ही गरज. असलेले बदलणे ही निवड. निवड करण्यास हरकत नाही, पण ती सावकाश करावी.

ध्यानात ठेवा

१. डोळ्यांभोवती काहीही टोचून घ्यायचे तर पार्लरमध्ये नव्हे. फिलर असो वा शस्त्रक्रिया, पापण्यांचे खास शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा.

२. काय टोचले, किती व कधी, याचा कागद मागून घ्या व जपून ठेवा.

३. डोळ्यांभोवतीची सूज मूत्रपिंड, थायरॉइड किंवा ॲलर्जीचीही असू शकते. आधी तपासणी करा.

४. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका. गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका.

५. फिलर टोचताच दिसेनासे झाले, असह्य दुखले किंवा कातडी पांढरी पडली. अथवा शस्त्रक्रियेनंतर डोळा पुढे येऊन नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा. असे क्वचित घडते, पण घडल्यास नजर कायमची जाऊ शकते.

६. वरची पापणी बुबुळावर उतरून दिसण्यास अडथळा होत असेल, तर तो नटण्याचा प्रश्न नव्हे. अशा वडीलधाऱ्यांना संकोच न करता डॉक्टरांकडे न्या.

त्या मुलीने दोनदा इंजेक्शन घेऊन फिलर विरघळवले. फुगवटा उतरला, जुने खळगे परत आले. तिचे लग्न त्याच चेहऱ्याने वेदीपुढे लागले, आणि नवऱ्या मुलाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. शस्त्रक्रियेचा विचार तिने अजून सोडलेला नाही. पण आता घाई नाही. उसाचे बिल सोसायटीच्या कर्जात भरले गेले.

१३ डिसेंबरला डोळ्यांची आश्रयदाती संत लुसी हिचा सण येतो. त्या दिवशी आपल्या दृष्टीबद्दल देवाचे आभार मानू या, आणि घरातल्या लेकीसुनांना त्यांच्या चेहऱ्याविषयी एखादा चांगला शब्दही बोलू या. त्याला पैसे पडत नाहीत.

— आपला धर्मगुरू