तीन हजार सहाशे युनिटांचं गणित

विजेचं बिल आपण वाचतो का हो? रक्कम बघायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि कागद खिळ्याला अडकवून मोकळं व्हायचं. शाळेत अर्धवेळ गणित शिकवणारी मीसुद्धा त्यातलीच! पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगलीला वन्संकडे गेले आणि खिळ्यावरचा तो गठ्ठा खाली काढावा लागला.

वन्सं घरातच पोळी-भाजीचे डबे करतात. मुलाच्या डिप्लोमाची फी त्यातूनच निघते. ओळखीच्या वायरमननं त्यांना घाबरवून सोडलं होतं. "ताई, असंच चाललं तर घरगुती दर जाईल तुमचा!"

त्याचं खोटं नव्हतं. घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्यांना २०२३ च्या महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराची सवलत होती, पण अट होती महिन्याला ३०० आणि आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांची. वर्षाअखेर हिशेब होऊन आकडा ओलांडलेला दिसला की पुढे व्यापारी दर. वन्संची एप्रिल ते जानेवारीची बेरीज मी केली, ती ३,०८० निघाली. उरले साठ दिवस आणि ५२० युनिटं, म्हणजे रोजची साधारण साडेआठ. आणि जात होती सव्वादहा!

"आता काय गं, अंधारात पोळ्या लाटू?" वन्सं वैतागल्या.

अंधार कशाला? आधी वीज जाते कुठे ते तरी बघू. युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण तासभर चालणं. ६० वॉटचा जुना बल्ब पावणेसतरा तास जळतो तेव्हा एक युनिट होतं, पण २,००० वॉटचा गीझर ते अर्ध्या तासात संपवतो. आपण मात्र बल्बमागे ओरडत फिरतो!

रात्री दहाला मीटरचा आकडा लिहिला, पहाटे पाचला पुन्हा. दोन पंखे आणि फ्रीज, एवढंच चालू होतं. तरी आकडा अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला होता. फ्रीजच्या दारात नोट धरून दार लावलं, तर ओढल्यावर नोट अलगद बाहेर! रबर सैल पडलं होतं. बर्फाच्या कप्प्यात दोन बोटं जाड थर. शिवाय फ्रीज शेगडीला लागून आणि पाठ भिंतीला टेकलेली, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला जागाच नाही. त्यात उरलेली भाजी वाफाळती असतानाच आत जायची. रबर बदललं, फ्रीज दुसऱ्या भिंतीला हलवून मागे वीतभर जागा सोडली, बर्फ वितळवला. बाकी काही नाही.

गीझर पहाटे लागायचा तो आठलाच बंद व्हायचा. भांड्यांना गरम पाणी घेतलं की गार पाणी आत, की पुन्हा कॉइल सुरू. आंघोळी एकापाठोपाठ उरकायच्या आणि बटण बंद, असा नियम केला. यावर घरात जे भांडण झालं ते लिहीत नाही! स्वयंपाकघरातल्या चोकवाल्या दोन ट्यूब काढून २० वॉटच्या एलईडी लावल्या. जुनी ट्यूब ४० वॉटची खरी, पण चोक वर दहा-पंधरा वॉट खातो.

पंख्यांशी मात्र अडलं. वन्संच्या सासूबाईंचा पंखा दिवसरात्र चालायचा. रेग्युलेटर जुना, डब्यासारखा. पंखा हळू केला तरी वाचलेली वीज त्या डब्यातच तापून जाते. साधा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास, पण किंमत जवळपास दुप्पट. तेव्हा सव्वाशे रुपयांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला आणि गप्प राहिलो.

गॅसचंही सांगते, कारण धंद्याला १९ किलोची महागडी व्यापारी टाकीच लागते. वन्सं आमटी उकळल्यावरही आच मोठीच ठेवत. आता, उकळतं पाणी काही मोठ्या आचेनं जास्त तापत नाही, नुसती वाफ जाते. उकळी आली की आच बारीक आणि झाकण वर. डाळ तासभर भिजत घालायची. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं पिनेनं साफ करायची. पातेल्याबाहेर आलेली ज्योत भिंत तापवते, भाजी नाही. टाकी आधी अकरा दिवस पुरायची, ती तेरा दिवस जाऊ लागली.

फेब्रुवारीचं बिल आलं, २५४ युनिटं. वन्संचा चेहरा खुलला, पण मला मार्चची धास्ती होती. सांगलीचा उन्हाळा! वन्सं रोज रात्री दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर मीटरचा आकडा लिहायच्या आणि मला फोनवर सांगायच्या. शेवटच्या आठवड्यात तर दुपारी पंखा बंद करून त्या पोळ्या लाटायला लागल्या. मी रागावलेच. त्या म्हणाल्या, "फी भरायची आहे गं बाई, घाम काय वाळतो!"

मार्च भरला २६१ वर. एकूण ३,५९५.

त्या दिवाळीला चकल्यांच्या पैशातून बीएलडीसी पंखा आला. वन्संना तो स्वयंपाकघरात हवा होता, पण आधी सासूबाईंच्या खोलीत लागला. त्याचा रिमोट म्हातारी उशाखाली घेऊन झोपते.