नाशकात जुनं घड्याळ शोधताना

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची मंडळी नाशकात उतरतात. काळाराम, रामकुंड, सोमेश्वर होतं, मिसळ होते, चिवडा पिशवीत पडतो, आणि मग एखादी दुपार मोकळी राहते. त्या दुपारी जुन्या गावात शिरून चावीची घड्याळं शोधणारे लोक आता बरेच दिसतात. छंद उत्तम आहे, खिशाला फार जडही नाही. पण त्याच्याबरोबर ऐकीव माहितीचं गाठोडंही येतं आणि विकणारे नेमक्या त्याच गाठोड्यावर धंदा करतात. ते एकदा सोडून बघू.

“नाशकात कुठली घड्याळं? त्यासाठी चोरबाजारच गाठायला हवा.”

मुंबईच्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात घड्याळांचे ढीग दिसतात, हे खरं. पण बाजारात घड्याळ पोचतं ते सगळ्यात शेवटी, चार हात फिरून आणि बहुतेकदा ‘सजून’. मूळ घड्याळं सापडतात ती नियमित पगाराची माणसं जिथे राहिली तिथे. या बाबतीत नाशिक श्रीमंत आहे. नाशिक रोडला नोटा आणि मुद्रांक छापणारी सरकारी मुद्रणालयं १९२० च्या दशकापासून आहेत, देवळालीला लष्करी छावणी आणि तोफखान्याची शाळा आहे, ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. साठ ते ऐंशीच्या दशकांत पहिल्या पगारात घेतलेलं किंवा लग्नात सासऱ्याने जावयाला घातलेलं घड्याळ ही घरातली मोठी वस्तू असे. अशी घड्याळं आज कपाटात पडून आहेत. मुलं-नातवंडं ती बाहेर काढतात, तेव्हा पहिल्यांदा नेतात घड्याळजीकडे.

म्हणून मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार, नाशिक रोड, देवळाली कॅम्प या भागांत फिरताना दुकानांच्या पाट्यांपेक्षा दुकानाच्या कडेला काचेची पेटी मांडून, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस शोधा. त्याच्याशी थोडं बोला, आपलं एखादं घड्याळ तेलपाण्याला द्या. आपल्याकडे काय आहे आणि कुणाला काय विकायचंय, हे तो सांगतो, पण पहिल्या पाच मिनिटांत सांगत नाही. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार जरूर बघा. मात्र तो आठवडे बाजार आहे, घड्याळाच्या भरवशावर तिथे जाऊ नका. घ्याल तिथे साधी का होईना, पावती मागा. दुरुस्तीला टाकून कुणी न नेलेलं घड्याळ घड्याळजीच्या मालकीचं होत नाही.

“चकचकीत आहे, म्हणजे जपून ठेवलेलं आहे.”

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. चाळीस-पन्नास वर्षं मनगटावर राहिलेल्या घड्याळाची डायल किंचित पिवळी पडते, कडेला ठिपके येतात, काट्यांचा मुलामा जातो. हे वय आहे, दोष नव्हे. याउलट भडक केशरी, मोरपंखी किंवा दुरंगी डायलचं, काल छापल्यासारखं दिसणारं जुनं घड्याळ हातात आलं, तर ती डायल खरोखरच अलीकडे छापलेली असण्याची शक्यता मोठी. जुनी डायल घासून तिच्यावर नवा रंग आणि नवं नाव छापायचा उद्योग आपल्याकडे इतका चालतो की, जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात. मुंबईला मिळालेला हा मान काही मिरवण्यासारखा नाही.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. फेरछपाईत त्या फुगतात, ओळी तिरक्या जातात, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. तारखेच्या खिडकीची कड खडबडीत दिसली, तर तिथे कुणीतरी हत्यार चालवलेलं आहे. मग मागचं झाकण उघडायला सांगा. विकणारा झाकण उघडायला कां-कूं करू लागला, तर नमस्कार करून निघा. आतल्या मशीनवर कंपनीचं नाव किंवा क्रमांक असतो. डायलवर एक कंपनी आणि आत दुसरीच, असा संसार सर्रास आढळतो. फेवर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, हेन्री सँडोज या एकेकाळी भारतात खूप खपलेल्या स्विस नावांच्या बाबतीत हे हमखास तपासा. वेस्ट एंड आणि फेवर ल्युबा यांचा भारताशी संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा, त्यामुळे त्यांच्या नावाला आजही किंमत आहे आणि म्हणूनच ती नावं छापली जातात.

नाशकात आणखी एक गोष्ट बघावी: गंज. हवा मुंबईपेक्षा कोरडी म्हणून इथली घड्याळं गंजत नाहीत, असं लोक म्हणतात. पण गोदावरीच्या पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर मोजणाऱ्या गावात हे कुणी म्हणू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सराफ बाजारापर्यंत शिरलं होतं. नदीकाठच्या वाड्यातलं घड्याळ वरून सुरेख असलं, तरी चावीच्या दांडीवर आणि तिच्या आसपासच्या भागांवर तांबडेपणा आहे का, ते आधी पाहा.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय सुट्टीत बघण्यासारखं आहे. जुनं नाणं घासूनपुसून चकचकीत केलं की त्याची किंमत उतरते, हे नाण्यांचा कुठलाही जाणकार सांगेल. घड्याळाच्या डायलला हाच नियम लागू आहे.

“एचएमटी बंद पडली, म्हणजे तिचं प्रत्येक घड्याळ दुर्मीळ.”

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि उत्तराखंडात राणीबाग इथेही कारखाने झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्याआधीच बातम्या येऊ लागल्या आणि भाव चढले. पण तोवर एचएमटीने दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली होती. दहा कोटी! ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही मॉडेलं दुर्मीळ नाहीत, भरपूर आहेत. शिवाय एचएमटीच्या नावाची घड्याळं आजही नवी विकत मिळतात. दुर्मीळ आहे ते मूळ डायल, मूळ काटे आणि मूळ चावी असलेलं, कुणी हात न लावलेलं घड्याळ. डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं असं एखादं अस्सल घड्याळ मिळालं, तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. ‘शेवटचा पीस’ या दोन शब्दांना मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका.

“कॅम्पातलं आहे, म्हणजे फौजेचं आहे.”

देवळालीच्या नावाबरोबर ही कथा ठरलेली. काळ्या डायलचा ‘पायलट’ दाखवून तो वायुदलातल्या वैमानिकाचा होता, असं सांगतात. पायलट हे मॉडेलचं नाव. ते घड्याळ दुकानात जाऊन कुणीही घेऊ शकत होतं, आणि शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत अनेकांनी घेतलं. डायलवर ठळक अक्षरांत ‘मिलिटरी’ छापलेली घड्याळं तर बहुतेक फेरछपाईचीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने दिलेल्या घड्याळांच्या पाठीवर बाणाच्या टोकाची खूण आणि क्रमांक कोरलेला असे. आता तेही कोरून मिळतं, त्यामुळे कोरलेल्या खाचेत जुना मळ आहे की ताजी चकाकी, ते भिंगातून पाहावं. कथा ऐकावी, चहा प्यावा, पैसे घड्याळाचे द्यावेत.

“सतरा ज्वेल म्हणजे आत सतरा रत्नं.”

रत्नं आहेत, पण कारखान्यातली. कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत फ्रान्सच्या व्हर्नय यांनी १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातले माणिक अगदी स्वस्त झाले. चाकांच्या बारीक टोकांना झिजू न देणं एवढंच त्यांचं काम. हाताने चावी देण्याच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात. साठच्या दशकात काही कंपन्यांनी आकडा फुगवण्यासाठी शंभरपर्यंत खडे बसवले. शेवटी १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि कामाचे खडे कुठले, ते ठरलं. त्यामुळे ‘पंचवीस ज्वेल आहे साहेब’ ऐकून हुरळून जाऊ नका.

“टिकटिक चालू आहे ना, मग झालं!”

चालू असणं ही अर्धीच खूण. तेल वाळलेलं असतानाही घड्याळ चालतं आणि चालता चालता आतून झिजतं. चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांनी उघडून साफ करून तेल द्यावं लागतं. बंद पडलेलं पण आतून स्वच्छ घड्याळ कधी कधी चालणाऱ्यापेक्षा चांगला सौदा ठरतं. ‘चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं’ हे तर घराघरांतलं वाक्य. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की चावी आपोआप थांबते. तिथे जोर करू नये इतकंच. घड्याळ अडतं ते वाळलेल्या तेलाने आणि धुळीने. दिवसाला मिनिटभर पुढे-मागे होणं या वयात चालतं. अचानक बरंच पुढे धावू लागलं, तर चुंबकाचा परिणाम असू शकतो. तो घड्याळजी काही सेकंदांत काढतो.

डायलवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं आहे म्हणून रामकुंडात बुडी मारताना ते हातात ठेवू नका. आतली रबरी कडी पन्नास वर्षांत कडक होऊन चिरते. लिहिलेलं तेवढं शाबूत राहतं.

“अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं.”

हा गैरसमज गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, काही तर साठच्या दशकापर्यंतच्या घड्याळांच्या काट्यांवर खरं रेडियम लावलेलं असे. चमक देणारं झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतं, म्हणून उजेड जातो. रेडियमचं अर्धआयुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं. किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच राहतो. बंद काचेआडचं घड्याळ अधूनमधून घालणं आणि ते उघडून काट्यांवरची पिवळी-तपकिरी पूड खरवडणं, यांत मोठा फरक आहे. धोका ती पूड पोटात किंवा श्वासात जाण्याचा. असं घड्याळ घरी उघडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

सोनं आणि परदेशातला भाचा

पिवळी केस म्हणजे सोनं नव्हे. बहुतेक घड्याळांवर काही मायक्रॉनचा मुलामा असतो आणि पट्टा जोडतो त्या कोपऱ्यांवर तो आधी उडतो. स्विस सोन्यावर सरकारी छाप असे: अठरा कॅरेटला स्त्रीमुख, चौदाला खार. छाप नसेल, तर सराफ बाजार चार पावलांवर आहे, तपासून घ्या.

आणि अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांचं खिशातलं घड्याळ पाठवण्याआधी त्याचं वय बघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

घड्याळाला जितके पैसे घालाल, त्यातला काही भाग तेलपाण्यासाठी आधीच बाजूला ठेवा आणि घड्याळजीच्या मजुरीत घासाघीस करू नका. ही घड्याळं उघडून नीट बंद करता येणारे हात आता थोडे उरलेत. त्यांच्याकडे काम गेलं, तरच ते दुकान उघडतील.