आत हात घाल

एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत आपल्याआधी आपलं नाक पोचतं. चिंचपोकळी स्टेशनवरून चालत आले आणि गल्लीच्या तोंडाशीच पहिली शिंक आली. यंदा दोन किलो मिरची घेतली: रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी आणि नवऱ्याच्या हट्टापायी मूठभर लवंगी.

भाजणाऱ्या मावशींच्या कढईत एका वेळी एकच जिन्नस असतो. धण्यांचा घाणा वेगळा, बडीशेपेचा वेगळा. हळकुंडं तेलात, मंद आचेवर, कारण आच मोठी केली तर ती वरून करपतात आणि गाभा कच्चाच राहतो. खसखशीची पाळी शेवटी, तीही गॅस बंद करून. "आता कढईच भाजंल तिला," मावशी म्हणाल्या. जाड लोखंडात साठलेली धग त्या एवढ्याशा दाण्याला पुरून उरते. चार वेळा उलथनं फिरलं आणि खसखस लगेच परातीत. कढईत राहिली असती तर विस्तव नसतानाही जळली असती.

मग डंख. ओळीनं उभी लोखंडी मुसळं पट्ट्यावर वर जातात आणि उखळात धाडकन पडतात. बोलायची सोय नाही. तोंडाला ओढणी बांधून आपल्या मसाल्यासमोर बसून राहायचं. दुसरीचा गरम मसाला आपल्यात मिसळायला नको. चक्कीवर काम लवकर होतं, पण घट्ट पात्यांमध्ये रगडून पीठ चांगलंच तापतं आणि वास तिथेच उडून जातो. डंखातही मसाला तापतोच, पण दर घावाला उसळतो, हवा खातो. रगडून तापण्याचं हे कोडं जुनंच. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू इतका का तापतो, असा प्रश्न शास्त्रज्ञ काउंट रमफर्डला पडला. त्यानं ते काम पाण्यात करून बघितलं. अडीच तासांत पाणी उकळलं, विस्तवाशिवाय. १७९८ साली त्यानं ते लिहून काढलं. लालबागेत त्याला एवढी वाट पाहावी लागली नसती.

चाळून हातात आलेला मसाला कोमट होता. घरी आणून जुन्या सुती साडीवर ओतला. खरी परीक्षा इथे असते. ढिगाच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि ती उष्णता सहज सोडत नाही. वरून गार लागतो, पोटात तापलेला असतो. थर निम्मा केला तर आतली धग बाहेर यायला निम्मा नव्हे, जवळजवळ चौथाई वेळ लागतो. म्हणून पसरायचा, बोटांनी रेघा ओढायच्या. पंखा मात्र लावायचा नाही. मी एकदा लावला होता, शेजारचेही शिंकत होते. आणि शेवटची ऊब सगळ्यांत चिवट. भोवतालच्या हवेशी जितका फरक कमी, तितकं निवणं मंद, हे न्यूटननं १७०१ मध्ये मांडलं. आमच्याकडे नेमक्या त्याच वेळी बरणी काढायची घाई होते.

एका वर्षी मीही घाई केली. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आत थेंब, आणि पावसाळ्यात वरच्या थराला पांढरी जाळी. तेव्हापासून मावशींचं ऐकते: "वरनं नको बघू, आत हात घाल."

रात्री साडेदहाला तळहात आत सरकवला. अजून किंचित ऊब. बरणी उन्हात वाळवून तयार आहे, हिंगाचे खडे बाजूला काढलेत. साडीचं दुसरं टोक वरून पांघरलं आणि दिवा मालवला.