टर्बो पिकअपच्या नळीत तेल दिसून राह्यलं? ऑइल कॅच कॅन बसवण्याआधी हे वाचा



सोयाबीन घरात आलं, पऱ्हाटीचा पहिला वेचा सुरू आहे, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड तोंडावर आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आता पुढचे चार महिने तिला उसंत नाही. कौंडण्यपूरहून तिवसा, धामणगाव, अमरावती, नदीपलीकडे आर्वी, सगळा माल तिच्यावरच जाणार.

म्हणून आजचा मेसेज फवारणीचा नाही, गाडीचा आहे. गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या सभासदांनी विचारला: "ताई, पिकअपच्या टर्बोच्या नळीत तेल दिसून राह्यलं. मिस्त्री म्हणते ऑइल कॅच कॅन बसवा. बसवावा काय?"

मी शेतीचा डिप्लोमा केलेली, मिस्त्री नाही. पण घरच्या गाडीनं हा धडा महागात शिकवला आहे. तो पुढे सांगतेच.

*घाईत असाल तर एवढं वाचा*

१) नळीत हाताला लागेल एवढा तेलाचा पातळ थर असेल तर घाबरू नका. तेल साचलेलं असेल तर आधी कारण शोधा.
२) कॅच कॅन तेल अडवतो. झिजलेलं इंजिन दुरुस्त करत नाही.
३) ब्रीदरची नळी कधीही बंद करू नका, बारीक करू नका, दबू देऊ नका.
४) गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काहीच जोडू नका.

आता सविस्तर.

*हे तेल येतं कुठून?*

इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा त्याच्या दाबानं पिस्टन खाली जातो. रिंगा नव्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूनं निसटून खालच्या भागात, म्हणजे तेलाच्या चेंबरकडे जातो. मिस्त्री लोक याला ब्लो-बाय म्हणतात. हा गरम वायू बाहेर निघाला नाही तर आत दाब वाढेल आणि ऑइल सील फुटतील. म्हणून इंजिनाला श्वास सोडायला एक वाट ठेवलेली असते, तोच ब्रीदर.

जुन्या ट्रॅक्टरला तुम्ही पाहिलं असेल, ब्रीदरची नळी खाली उघडी सोडलेली असते आणि तिच्या तोंडाशी काळा थेंब लटकलेला असतो. आताच्या पिकअपमध्ये तसं चालत नाही. प्रदूषणाच्या नियमांमुळे हा वायू बाहेर न सोडता नळीनं परत इंजिनाच्या हवेत पाठवतात. ही नळी एअर फिल्टरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी जोडलेली असते. वायूसोबत तेलाची वाफ आणि बारीक तुषारही जातात. तेच तेल आपल्याला टर्बोच्या तोंडाशी, इंटरकूलरमध्ये आणि रबरी नळ्यांत दिसतं.

बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो की अशोक लेलँड दोस्त, टर्बो डिझेल गाड्यांत हे थोडंफार होतच राहतं. टर्बोमुळे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते, दाब जास्त असतो, म्हणून ब्लो-बायही जास्त. वरून आपण गाडी भरतो ती कशी भरतो हे आपल्यालाच माहीत!

*मग नुकसान काय?*

नुसतं तेल असतं तर फार बिघडलं नसतं. पण या गाड्यांत ईजीआर असतो. तो सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात आणतो. धुरातली काजळी आणि ब्रीदरचं तेल एकत्र आलं की डांबरासारखा लगदा तयार होतो. तो मॅनिफोल्डमध्ये चिकटतो, ईजीआरचा व्हॉल्व्ह अडकवतो, हवेची वाट अरुंद करतो. इंटरकूलरच्या आत तेलाचा थर बसला की हवा नीट थंड होत नाही. मग गाडी चढावर दम टाकते, काळा धूर मारते, डिझेल जास्त खाते.

*कॅच कॅन काय करतो?*

ब्रीदर आणि टर्बोची हवेची नळी यांच्या मधे बसवायचा हा एक बंद डबा. आत पडदे किंवा जाळी असते, चांगल्या डब्यात बदलता येणारा फिल्टर असतो. तेलकट वायू आत येऊन जाळीवर आदळतो, त्याचा वेग कमी होतो, तुषार एकमेकांत मिसळून थेंब होतात आणि तळाला बसतात. वायू वरच्या नळीनं पुढे जातो. तळाचं तेल आपण कॉक उघडून काढायचं. ठिबकच्या फिल्टरसारखंच समजा.

पण नुसता रिकामा डबा फारसं तेल पकडत नाही. आत जाळी किंवा फिल्टर नसेल तर वायू एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं तेल घेऊनच जातो. दिसायला चकचकीत ॲल्युमिनियमचा डबा घेऊ नका, आत काय आहे ते उघडून पाहा. आणखी एक, कॅच कॅन ईजीआरची काजळी थांबवत नाही. तो फक्त तेल कमी करतो, म्हणजे लगदा कमी होतो. जुना बसलेला कार्बन त्यानं निघत नाही, तो खोलूनच साफ करावा लागतो.

*आमच्या घरचा किस्सा*

माझ्या मामांची जुनी टर्बो पिकअप आहे, सेकंड हँड घेतलेली. नळीत तेल दिसलं म्हणून एका ओळखीच्या माणसानं जुगाड करून दिला. स्टीलची पाण्याची बाटली, तिच्यात भांडे घासायची तारेची घासणी, आणि नळी कोणती? आपल्या वावरातली ठिबकची, १६ एमएमची! मामा खूश. म्हणाले, "पाह्य, हजारोचं काम फुकटात केलं."

दहा-बारा दिवस बरे गेले. मग एका रात्री संत्र्याचे क्रेट भरून निघाले आणि अर्ध्या वाटेत जळाल्याचा वास आला. बोनेट उघडलं तर तेलाची काडी वर उडालेली, इंजिनावर सगळीकडे तेल. ठिबकची नळी इंजिनाच्या गरमीनं मऊ होऊन चपटी झाली होती. तशीही ती मूळ नळीपेक्षा बारीकच. वायूला वाट नाही, आत दाब वाढला, काडी उडाली आणि क्रँकचं मागचं सील गेलं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी आठ दिवस उभी. संत्रा दुसऱ्या गाडीत भरला तोवर सकाळचा बाजार निघून गेला होता. फुकटचं काम मामांना तोडीच्या हंगामात भोवलं.

नशीब, टर्बो वाचला. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि इंजिनाच्याच तेलावर चालतो. ते तेल दाबानं वर जातं, पण परत येतं ते आपल्या वजनानं, उतारानं. खालच्या चेंबरमध्ये दाब असला तर ते उतरत नाही, टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या नळीत गळतं. म्हणजे ज्या तेलासाठी डबा बसवला, चुकीच्या डब्यानं तेच तेल वाढतं. तारेच्या घासणीचे तुकडे तुटून टर्बोत गेले तर पंखाच जातो, ते वेगळंच.

*आधी या पाच गोष्टी पाहा*

डबा विकत घेण्याआधी हे तपासा. यातलं बरंचसं फुकटात होतं.

१) *एअर फिल्टर.* सोयाबीन काढणीची धूळ आणि जिनिंगमधली कापसाची रूई यानं फिल्टर लवकर चोंदतो. हवा मिळाली नाही की टर्बो ब्रीदरमधून जास्त जोरानं ओढतो आणि तेल सोबत येतं. कितीकदा रोग एवढाच असतो.

२) *तेलाची पातळी.* गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून काडी पाहा. "थोडं जास्त असलेलं बरं" हा गैरसमज आहे. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल असलं तर क्रँक ते घुसळतो आणि तुषार वाढतात. न टाकता तेल वाढलं असेल तर त्यात डिझेल उतरत असेल. लगेच मिस्त्रीला दाखवा.

३) *टॅपेट कव्हर आणि ब्रीदरची मूळ नळी.* बऱ्याच इंजिनांत कंपनीनंच तेल वेगळं करायची सोय कव्हरमध्ये दिलेली असते. ती घाणीनं बुजली असेल तर साफ करून घ्या किंवा बदला.

४) *ब्लो-बाय.* गाडी आयडलवर असताना तेल टाकायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भसभस धूर निघाला तर रिंगा-लायनर झिजल्याची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. हे करताना गमछा, दुपट्टा, साडीचा पदर पट्ट्याजवळ नको, गरम तेल उडतं.

५) *टर्बोचा दांडा.* मिस्त्रीकडून थंड इंजिनावर तपासून घ्या. पंखा घराला घासत असेल तर टर्बोचं काम करावं लागेल. तिथे डबा कामाचा नाही.

धुराचा रंगही बोलतो. निळसर धूर म्हणजे तेल जळून राह्यलं. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

*बसवायचाच असेल तर*

या पाचही गोष्टी ठीक आहेत, गाडी वॉरंटीबाहेर आहे, ओझं रोजचं आहे, तर डबा जरूर बसवा. मात्र असा:

- नळी तेल आणि उष्णता सहन करणारी, मूळ नळीएवढ्याच आतल्या व्यासाची. ठिबकची, गॅसची, पाण्याची नळी नको.
- नळीला झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी-तेल साचून वाट बंद होते.
- डबा टर्बो आणि सायलेन्सरच्या गरमीपासून दूर, पक्क्या ब्रॅकेटवर. आपल्या पांदण रस्त्यावर सैल डबा टिकत नाही.
- फिल्टरवाला डबा घेत असाल तर जास्त दाब झाल्यास आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह आहे का ते विचारा.
- वायू बाहेर उघडा सोडू नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत तर सेन्सर जास्त, दिवा लागला की दुरुस्तीचा खर्च वेगळा.

पहिल्यांदा ५०० किलोमीटरवर डबा पाहा, मग साधारण दर १००० वर. इंजिन बंद आणि गार झाल्यावरच कॉक उघडा. थंडीच्या दिवसांत गाव ते बाजार अशा छोट्या फेऱ्या असतील तर आत दुधाळ पाणीमिश्रित तेल निघेल. ते बहुतेक वेळा वाफेचं पाणी असतं. पण रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. काढलेलं तेल परत इंजिनात टाकू नका.

*खरा फायदा वहीत आहे*

गुलाबी बोंडअळीसाठी आपण एकरी दोन कामगंध सापळे लावतो. त्यानं सगळे पतंग मरत नाहीत, पण सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली हे कळतं. कॅच कॅनकडे असंच पाहा. वहीत तारीख, किलोमीटर, डब्यातून किती तेल निघालं आणि वरून किती तेल टाकलं ते लिहा. मोजायला औषधाचं मापटं चालेल, पण ते परत फवारणीला वापरू नका. तेवढ्याच किलोमीटरमध्ये तेल दुप्पट निघायला लागलं तर इंजिन काहीतरी सांगून राह्यलं. हंगामाच्या मधात गाडी बसण्याआधी ते ऐकलेलं बरं.

*हे तेल झाडाला लावू नका*

उधईसाठी संत्र्याच्या खोडाला जळालेलं ऑइल लावायची सवय काही ठिकाणी आहे. कृपया करू नका, साल खराब होते. खोडाला बोर्डो पेस्टच लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. जुनं तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

*एक धोक्याची सूचना*

किल्ली बंद करूनही इंजिन आपोआप जोरात पळत राहिलं तर ते स्वतःचंच तेल जाळून राह्यलं. क्वचित होतं, पण होतं. गाडीत बसलेले असाल तर वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. बोनेटजवळ कोणाला उभं राहू देऊ नका. हवेच्या नळीवर हात तर कधीच ठेवू नका.

आणि रोजची एक सवय. भरलेली गाडी ओढून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नका. मिनिटभर आयडलवर राहू द्या, टर्बो थंड होतो.

तुमच्या गाडीच्या नळीचा फोटो, मॉडेल, किलोमीटर आणि धुराचा रंग ग्रुपवर टाका. टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज करा. ज्यांनी डबा बसवला आहे त्यांनी वहीतले आकडे कळवा, सगळ्यांच्या कामी येतील.

पुढच्या मेसेजमध्ये परत वावरात जाऊ, तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे.

जय रुक्मिणीमाता!
तुमची कृषी सल्लागार