एकच खेळ, अनेक रीति

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारतांच आमच्या वयाच्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात: जाड भिंगांचा चष्मा लावलेला मुलगा आणि लाल शेरे मारलेलें प्रगतिपुस्तक. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चौतीस वर्षें वर्गांत उभें राहून तीं दोन्ही चित्रें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलीं आहेत. तथापि आजचा विषय निराळा आहे. खेळावें कीं न खेळावें, किती वेळ खेळावें, हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवून, एकच खेळ निरनिराळीं माणसें किती निरनिराळ्या रीतींनीं खेळतात आणि त्या रीतींवरून एका भरल्या घरांत केवढा कलह माजूं शकतो, याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

प्रथम खेळाची जात सांगितली पाहिजे. सारीपटावर सोंगटीची वाट आंखलेली असते. मोक्षपटांत तर खेळणाराला निवड अशी कसलीच नाहीं; फांसा पडेल तितकें चालावयाचें, शिडी लागली तर वर, साप लागला तर खालीं. पुष्कळसे व्हिडिओ गेमहि याच कुळांतले. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ घ्या. असुरांनीं पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ एक मुलगी निघते. खेळ देखणा आहे व आपल्या पुराणांतील देवदेवतांचा त्यांत मोठा कल्पक उपयोग केलेला आहे. परंतु राजीची वाट कर्त्यांनीं आधींच आंखून ठेविली आहे, आणि खेळणारानें ती चालावयाची एवढेंच.

याहून निराळी जात म्हणजे ज्यांना इंग्रजींत 'ओपन वर्ल्ड' म्हणतात ते खेळ. आम्ही त्यांना मुक्तभूमीचे खेळ म्हणतों. त्यांतला नामांकित नमुना म्हणजे बेथेस्डा या अमेरिकन कंपनीनें ११ नोव्हेंबर २०११ रोजीं बाजारांत आणलेला 'स्कायरिम'. आरंभीं खेळणारा हा गाडींतून वधस्थानाकडे चाललेला एक कैदी असतो. मान ठोकळ्यावर टेकलेली असतांना आकाशांतून एक प्रचंड अग्निमुखी सर्प, ज्याला ड्रॅगन म्हणतात तो, येऊन नगर जाळूं लागतो आणि त्या धांदलींत कैदी निसटतो. येथपर्यंत वाट ठरलेली. त्यानंतर मात्र समोर पर्वत, नद्या, अरण्यें, गांवें, भुयारें असा एक सबंध मुलूख पसरलेला असतो आणि कोणीहि हात धरून ओढीत नाहीं. त्या सर्पांच्या अधिपतीचा नाश करणें ही मुख्य कथा खरी. पण ती आजच पुरी करावी असा कायदा नाहीं. वर्षभर तिकडे पाहिलें नाहीं तरी जग बुडत नाहीं.

आमचें घर पौडचें, मुळशी तालुक्यांतलें. घरांत लहानथोर मिळून बारा माणसें. तिघे रोज हिंजवडीस नोकरीला जातात. तें गांवहि याच तालुक्यांतलें, हें पुण्याच्या पुष्कळ मंडळींना ठाऊक नसतें! माजघरांत एक संगणक आहे आणि त्यावर चौघांनीं चार निरनिराळीं पात्रें घेऊन हा एकच खेळ चालविला आहे. आम्ही स्वतः खेळत नाहीं. परंतु आरामखुर्ची संगणकाच्या मागेंच असल्यामुळें चारहि जणांचा खेळ आम्हीं पुष्कळ पाहिला.

आमचा थोरला नातू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत आहे. त्याला खेळ म्हणजे गणित. तासन् तास लोहारकामाच्या ऐरणीपाशीं उभा राहून तो सुऱ्या घडवितो, कारण या खेळांत जें काम वारंवार करावें त्याचेंच कौशल्य वाढतें. मग औषधी बनवून बळ वाढवावें, त्या बळावर मंत्रसामर्थ्य वाढवावें, त्यानें आणखी उत्तम औषधी बनवावी, अशीं चक्रें फिरवून त्यानें अशी एक तलवार सिद्ध केली आहे कीं, शत्रु तिच्या एका घावांत आडवा होतो. मग लढाईंत मौज ती काय उरली, असें विचारतां, "आजोबा, लढाई आधींच जिंकून ठेवली, हीच मौज!" असें तो म्हणतो.

आमचे पुतणे हिशेबनीस आहेत. दुसऱ्याची टांचणीहि न घेणारा असा सरळ गृहस्थ आम्हीं पाहिला नाहीं. पण खेळांत ते चोर! तेथील एक गंमत अशी कीं, दुकानदाराच्या डोक्यावर टोपली किंवा बादली पालथी घातली म्हणजे त्याला दिसेनासें होतें, आणि तो बिचारा जागचा हलतहि नाहीं. मग खुशाल दुकान धुऊन न्यावें. हा पराक्रम करतांना पुतण्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसतो, तसा आम्हीं त्यांच्या लग्नांतहि पाहिला नव्हता.

नात आठवींत आहे. ती फुलें गोळा करते, फुलपांखरें धरते, वनस्पति चाखून त्यांचे गुणधर्म शोधते. या खेळांत वाचतां येतील अशीं शेकडों पुस्तकें आहेत, तीं उघडून वाचते. पर्वतशिखरावरील वृद्ध तपस्व्यांनीं तिच्या पात्राला हांक मारून कित्येक महिने झाले. ती अजून गेली नव्हती.

राहिल्या धाकट्या सूनबाई. रात्रीं दहानंतर, स्वयंपाकघराचा दिवा मालवल्यावर, त्या अर्धा-पाऊण तास बसतात. या खेळांत पूर्वीं पाहिलेल्या स्थळीं क्षणांत जाण्याची सोय आहे. ती त्या कधींच वापरीत नाहींत. चालतच जातात. लढाई टळत असेल तर टाळतात. एखाद्या बर्फाळ कड्यावर उभ्या राहून तेथील आकाशांत रात्रीं चमकणारा हिरवा-निळा प्रकाश पाहतात, आणि संगणक बंद करून झोंपावयास जातात.

गेल्या दिवाळींत कलह झाला तो असा. नात मामाकडे गेली असतां थोरल्यानें तिच्यावर उपकार करावयाचें ठरविलें. दोन रात्री जागून त्यानें तिचें पात्र चालविलें, तपस्व्यांची भेट घेतली, मुख्य कथा शेवटास नेली, सर्पाधिपतीचा वध केला आणि तिच्याच जागीं तें सर्व साठवून ठेविलें; जुनें कांहीं शिल्लक राहिलें नाहीं. ती परत आल्यावर मोठ्या अभिमानानें त्यानें तें दाखविलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. रात्रीं जेवली नाहीं. पुढें महिनाभर तिनें संगणकाला हात लावला नाहीं.

घरांत दोन पक्ष पडले. तिचे वडील म्हणाले, "खेळ तर आहे! आणि सर्प मेला तरी तेथें हिंडतां येतेंच ना? फुलें कोठें गेलीं?" हें खरें आहे; कथा संपल्यावरहि तो मुलूख खुला राहतो. थोरला तर खरोखरच गोंधळला होता. तिला जें जमत नव्हतें तें आपण करून दिलें, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आम्हीं नातीला जवळ घेऊन विचारलें तेव्हां ती इतकेंच म्हणाली, "मला जमत नव्हतं असं नाही, आजोबा. मी अजून तिकडे जायचं ठरवलं नव्हतं."

या एका वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. ज्याला आपण रेंगाळणें समजतों, तें दुसऱ्याचें पोंचणें असूं शकतें. सोमदेवाचा कथासरित्सागर ज्यांनीं वाचला असेल त्यांस हें चटकन पटेल. त्यांत नरवाहनदत्ताची मुख्य कथा आहे हें खरें, पण उपकथांच्या अरण्यांत ती कोठल्याकोठें लपून जाते. आणि ज्याला नरवाहनदत्ताचें पुढें काय झालें एवढेंच हवें असेल, त्यानें तो ग्रंथ हातीं घेऊंच नये.

विलायतेंतहि यावर विचार झाला आहे. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत १९७८ सालीं रॉय ट्रुबशॉ यांनीं अनेकांनीं एकत्र खेळावयाचा, केवळ शब्दांनीं चालणारा 'मड' नांवाचा एक संगणकीय खेळ आरंभिला. रिचर्ड बार्टल यांनीं तो पुढें वाढविला. याच बार्टल यांनीं १९९६ सालीं एक निबंध लिहून खेळणारांचे चार वर्ग केले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची उपमा दिली. चौकट म्हणजे धन व पदवी मिळविणारे. इस्पिक म्हणजे खणून शोध घेणारे, कारण इस्पिकाचें इंग्रजी नांवच फावड्याचें आहे. बदाम म्हणजे माणसांशीं बोलण्यासाठींच येणारे. आणि किलवर, म्हणजे सोटा, तो दुसऱ्याच्या टाळक्यांत घालून आनंद मानणारे.

उपमा चतुर आहे. कोरीगडावर सहल नेली कीं हे चारहि रंग दिसतात. एक मुलगा धांवत जाऊन तटावरून सबंध प्रदक्षिणा घालून पहिला येतो. दुसरा तळ्याच्या कांठीं बसून पाण्यांतले किडे पाहतो. तिसरा पायथ्याच्या पेठ शहापुरांतच कोणाच्या तरी ओटीवर गप्पांत रमतो, त्याला वर येण्याची घाईच नसते. चौथा इतरांच्या टोप्या दरींत टाकतो. त्या चौथ्याला आवरणें हें शिक्षकाचें काम. पहिल्या तिघांना एका रांगेंत चालविणें हें मात्र शिक्षकाचें काम नव्हे, असें आमचें मत आहे.

पण बार्टल यांची मांडणी अनेकांनीं मिळून खेळावयाच्या खेळासाठीं होती. एकट्यानें खेळतांना माणूस याहून गूढ होतो. खेळण्याच्या रीतीवरून स्वभाव ओळखतां येतो, असें पुष्कळ पालक मानतात. मुलगा खेळांत चोरी करतो, म्हणजे उद्यां खरीच करील, असा त्यांना धसका. आमच्या पुतण्यांकडे पाहून आम्हांस तसें वाटत नाहीं. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाला पै न पै जपणाऱ्या माणसाला रात्रीं एखाद्या दुकानदाराच्या डोक्यावर टोपली घालावीशी वाटली, तर त्यांत त्याचा स्वभाव दिसत नाहीं. त्याची भूक दिसते. मिळत नाहीं तें माणूस खेळांत मागतो.

हें आम्ही बोलून दाखविलें तेव्हां सूनबाई तेथेंच होत्या. त्या सहज म्हणाल्या, "बाबा, तिकडे मला कोणी हाक मारीत नाही, म्हणून मी चालते." त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. परंतु ज्या घरांत बारा माणसें दिवसांतून किती वेळां एकाच बाईला हांका मारतात, त्या घराच्या वडीलधाऱ्यानें हें वाक्य ऐकून सोडून द्यावें असें नाहीं. तेव्हांपासून रात्रीं दहानंतर आमचें औषध व पाणी आम्ही स्वतःच घेतों.

कर्त्यांविषयींहि थोडें लिहिलें पाहिजे, कारण भूमि मुक्त ठेवणें न ठेवणें त्यांच्या हातीं असतें. बेथेस्डाच्याच २००२ सालच्या 'मॉरोविंड' या खेळांत नकाशावर खुणेचा बाण नव्हता. गांवकरी तोंडानें वाट सांगत, ती रोजनिशींत उतरे, आणि खेळणारानें ती शोधावयाची. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्यें बाण आला, 'स्कायरिम'मध्यें तो राहिला. दमून आलेल्या माणसाला बाण सोयीचा हें आम्ही नाकारीत नाहीं. पण बाण दिसूं लागला कीं डोळे डोंगरावरून उठून बाणावर बसतात. जपानी 'एल्डन रिंग' (२०२२) मध्यें कठिणपणा कमी करण्याचें कळसूत्रच ठेविलें नाहीं, म्हणून मोठा वाद झाला. पण तेथेंहि साहाय्यक भूतें बोलावणारे आणि न बोलावणारे असे दोन पंथ पडलेच. झेल्डाच्या मालिकेंतील २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्यें बहुतेक कोणताहि कडा चढतां येतो, मात्र पाऊस लागला कीं पाय घसरतो. ताम्हिणीच्या पावसांत वाढलेल्या आमच्या नातवंडांना हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. या मालिकेचे जनक शिगेरु मियामोतो लहानपणीं क्योटोजवळील सोनोबे येथील डोंगरांत एकटे हिंडत व गुहा शोधीत. त्या हिंडण्यांतूनच १९८६ चा पहिला झेल्डा सुचला, असें त्यांनींच सांगितलें आहे.

दिवाळीनंतर घरांत एक नियम झाला: दुसऱ्याच्या साठविलेल्या खेळाला विचारल्यावांचून हात लावावयाचा नाहीं, मग हेतु कितीहि चांगला असो. थोरल्यानें बहिणीची क्षमा मागितली, आणि तिच्या मर्जीप्रमाणें जुना 'मॉरोविंड' संगणकावर आणून दिला. आतां ती एक वही घेऊन बसते. पूल ओलांडून डावीकडे, दोन खडकांच्या मधून पूर्वेस, अशीं गांवकऱ्यांचीं वाक्यें वहींत उतरविते. कोण्या एका गांवकऱ्यानें दिशा चुकीची सांगितली असावी असा तिला संशय आहे. तीन दिवस झाले, ती गुहा अद्याप सांपडलेली नाहीं, आणि थोरला शेजारीं बसून असतो पण कोठें आहे तें सांगत नाहीं.