दीड तासाचे विमान, सात तासांचा प्रवास

काटोलकडच्या एखाद्या संत्रा बागायतदाराच्या घरी आईचे दुखणे निघते. नागपूरचे डॉक्टर सांगतात, "एकदा मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवून या." घरात विचार सुरू होतो, रेल्वेने न्यावे की विमानाने? शेजारी म्हणतो, "विमानाने न्या. दीड तासात मुंबई!" त्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे.

आधी अंतर पाहू. नागपूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 680 किलोमीटर. रेल्वे भुसावळ, मनमाड, इगतपुरी करत घाट उतरते. तिला 837 किलोमीटर पडतात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. विमानाला मात्र डोंगर आडवा येत नाही की नदी.

विमान ताशी 800 किलोमीटरच्या आसपास धावते. मग तासाच्या आत का पोचत नाही? चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जायला वेळ लागतो आणि मुंबईवर गर्दी असली तर आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मुंबईला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून वेळापत्रकात साधारण दीड तास धरलेला असतो.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. गावाहून विमानतळ दोन तास. उड्डाणाआधी दोन तास पोचलेले बरे, कारण सामान घेणारी खिडकी सुमारे तासभर आधी बंद होते. उड्डाण दीड तास. उतरून सामान हाती यायला अर्धा तास. तिथून परळ एक तास. झाले सात तास!

विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी नागपूर सोडते आणि सकाळी दादरला पोचवते. तिथून परळ हाकेच्या अंतरावर. घरापासून सतरा तास लागले तरी रात्र झोपेत जाते. शिवाय कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. दहाची वेळ गाठायला पहाटेचे विमान धरले, तर आजारी माणसाला मध्यरात्रीच उठवावे लागेल.

मग विमान कधी? रात्रभर बसवत-निजवत नाही, किंवा उपचारांनंतर अंगात त्राण उरलेले नाही, तेव्हा हे वाचलेले दहा तास पैशापेक्षा मोलाचे. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर विमानाबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि लागल्यास त्यांचे पत्र घ्यावे. चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगावे. ओळखपत्र जवळ ठेवावे; चाकू, अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नये. 2025 साली नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले आहे. तेव्हा आपले विमान कोणत्या विमानतळावर उतरणार, हे तिकिटावर नीट वाचावे.

तिकिटावर विमानाची वेळ असते. आपल्या माणसाची वेळ आपणच उंबरठ्यापासून मोजायची असते.